विश्लेषण : स्वयंपाकघरातील तसबीर फ्रान्सचा ‘राष्ट्रीय ठेवा’ कशी ठरली?

फ्रान्समधील एका वृद्धेच्या घरात शेगडीच्या वरच्या बाजूला वर्षानुवर्षे टांगलेली धुरकट तसबीर तेराव्या शतकातील इटालियन चित्रकार चिमाबुए याची असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. लिलावात तिला २ कोटी ४१ लाख ८० हजार युरो म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १९० कोटी रुपये मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांत फ्रान्स सरकारने ती देशाबाहेर नेण्यास मनाई केली आणि अखेर २०२३ मध्ये ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडे आली. ए-फोर कागदाहूनही लहान असलेल्या एका लाकडी फळीला एवढे मोल का? ती चिमाबुएचीच हे कशावरून ठरले? आणि इटलीत घडलेले चित्र फ्रान्सचा राष्ट्रीय ठेवा कसे होऊ शकते?

चित्र सापडले कसे?

पॅरिसच्या उत्तरेला कॉम्पियेन हे शहर आहे. तेथील नव्वदी ओलांडलेल्या एका महिलेने आपले घर विकायला काढले. १९६०च्या दशकात बांधलेल्या या घरातील सामानाचे मूल्य ठरवण्यासाठी स्थानिक लिलाव संस्थेच्या तज्ज्ञ महिलेला बोलावण्यात आले. तिच्याकडे जेमतेम आठवडा होता. जे विकण्याजोगे नसेल ते कचरा डेपोत जाणार होते. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्या मधल्या भिंतीवर सोनेरी पार्श्वभूमीचे एक लहान चित्र तिला दिसले. कुटुंबाच्या समजुतीप्रमाणे ती एक जुनी रशियन धाटणीची देवाची तसबीर होती, फारशी किंमत नसलेली. मात्र तज्ज्ञ महिलेला ते काम इटालियन आणि बरेच प्राचीन वाटले. तिने ते पॅरिसमधील जुन्या चित्रांचे जाणकार एरिक तुर्कां यांच्याकडे पाठवले. तपासणीनंतर तुर्कां यांच्या चमूने ते चिमाबुएचे असल्याचा निष्कर्ष काढला. घरातील इतर सुमारे शंभर वस्तूंना मिळून सहा हजार युरोंच्या आसपास रक्कम आली, असे तेव्हाच्या वृत्तांत नमूद आहे.

चित्रात काय आहे?

‘ख्रिस्ताची विटंबना’ हा या चित्राचा विषय. क्रुसावर चढवण्यापूर्वी येशूला पकडून नेले असता पहारेकऱ्यांनी त्याची थट्टा केली, डोळे झाकून त्याला मारले आणि ‘तू प्रेषित आहेस ना, मग कोणी मारले ते सांग’ असे हिणवले, असा प्रसंग शुभवर्तमानांत येतो. चिमाबुएच्या चित्रात येशू मध्यभागी शांत उभा आहे आणि भोवती माणसांची दाटी उसळली आहे. विशेष म्हणजे या माणसांच्या अंगावर येशूच्या काळातील नव्हे, तर चित्रकाराच्या काळातील इटलीतले कपडे आहेत. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण तेराव्या शतकात चित्र पाहणाऱ्याला ती गर्दी ओळखीची वाटली असेल. फार पूर्वी, दूरच्या देशात घडलेला प्रसंग आपल्याच गल्लीत घडतो आहे, असा भास त्यातून निर्माण होत होता.

चिमाबुए कोण होता?

त्याचे खरे नाव चेन्नी दि पेपो. ‘चिमाबुए’ हे टोपणनाव. तो फ्लोरेन्सचा. १२७२ मध्ये तो रोममध्ये होता, तर १३०१-०२ मध्ये पिसा येथे काम करत होता, एवढ्या नोंदी कागदोपत्री आढळतात. १३०२ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आधीची इटालियन चित्रकला बायझंटाइन परंपरेच्या साच्यात बांधलेली होती. सोनेरी पार्श्वभूमी, ठरावीक चेहरे, ठरावीक घड्या, ठरावीक मुद्रा असा तो साचा होता. देवाचे रूप बदलायचे नसते, ते जसेच्या तसे पुढच्या पिढीकडे द्यायचे असते, ही त्यामागील श्रद्धा होती. चिमाबुएने हा साचा मोडला नाही, पण आतून सैल केला. त्याच्या माणसांच्या अंगाला वजन आले, वस्त्रांखाली शरीर जाणवू लागले, चेहऱ्यावर दुःख उमटू लागले. पुढे जोत्तोने हीच वाट रुंद केली. चिमाबुएचे नाव मागे पडून जोत्तोचा बोलबाला झाला, हे उदाहरण देऊन कवी दान्तेने कीर्ती किती क्षणभंगुर असते हे सांगितले आहे. सोळाव्या शतकात ज्योर्ज्यो वासारी याने इटालियन कलावंतांची चरित्रे लिहिली, तेव्हा त्याने सुरुवात चिमाबुएपासूनच केली. युरोपीय चित्रकलेच्या इतिहासात त्याला आरंभबिंदूचे स्थान मिळाले ते तेव्हापासून.

त्याची किती चित्रे शिल्लक आहेत?

फारच थोडी, साधारण डझनभराच्या आसपास. त्यातही अनेकांवर संकटे आली. फ्लोरेन्समधील सांता क्रोचे चर्चचा त्याचा भव्य क्रूस १९६६ च्या महापुरात सापडला आणि त्यावरील रंगाचा मोठा भाग वाहून गेला. असिसी येथील सेंट फ्रान्सिसच्या बॅसिलिकेतील त्याच्या भित्तिचित्रांचे मूळ रंग काळाच्या ओघात काळवंडले होते. १९९७ च्या भूकंपात तिथल्या छताचा एक भाग कोसळून सेंट मॅथ्यूच्या चित्राचे अक्षरशः तुकडे झाले. या पार्श्वभूमीवर चिमाबुएचे नवे चित्र हाती लागणे ही पिढीतून एखाद्या वेळी घडणारी घटना ठरते.

सही नसताना चित्र कोणाचे हे कसे ठरवतात?

मध्ययुगातील चित्रकार सहसा सही करत नसत. चिमाबुएच्या बाबतीत तर कागदपत्रांचा भक्कम आधार असलेले एकच काम आहे, ते म्हणजे पिसाच्या कॅथेड्रलमधील सेंट जॉनची मोझेक आकृती. बाकी सर्व कामे शैलीच्या तुलनेवरून त्याच्या नावावर आहेत. अशा तर्कात चुका होऊ शकतात आणि झाल्याही आहेत. फ्लोरेन्समधील ‘रुचेल्लाई मॅडोना’ हे विशाल चित्र वासारीने चिमाबुएचे म्हणून सांगितले. ब्रिटिश चित्रकार फ्रेडरिक लेटन याने १८५५ मध्ये चिमाबुएची मॅडोना फ्लोरेन्सच्या रस्त्यांवरून मिरवत नेल्याचे चित्र रंगवले, त्यात हीच ‘रुचेल्लाई मॅडोना’ आहे. राणी व्हिक्टोरियाने ते विकतही घेतले. प्रत्यक्षात मूळ चित्र सिएनाच्या दुच्चोचे असल्याचे १२८५ च्या कराराच्या आधारे आज मानले जाते.

कॉम्पियेनच्या चित्राबाबत मात्र शैलीखेरीज आणखी आधार होता. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये ‘ख्रिस्ताला फटके’ हे जवळपास याच मापाचे चित्र १९५० पासून आहे. ते चिमाबुएचे की दुच्चोचे, यावर अनेक दशके वाद होता. २००० मध्ये इंग्लंडच्या सफक परगण्यातील एका जमीनदार घराण्याच्या वाड्यात ‘बालयेशूसह मेरी आणि दोन देवदूत’ हे तेवढ्याच आकाराचे चित्र आढळले. दोन्ही चित्रांचे माप, लाल किनार आणि सोन्यावर ठिपके पाडून केलेली नक्षी जुळली. वाद मिटला आणि दोन्ही चित्रे एकाच कलाकृतीचे भाग असून ती चिमाबुएची आहेत, हे सर्वसाधारणपणे मान्य झाले. इंग्लंडमधील चित्र सरकारने वारसा कराच्या बदल्यात स्वीकारून लंडनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवले. कॉम्पियेनचे चित्र हा याच मालिकेतील तिसरा तुकडा आहे. त्याचेही माप, नक्षी आणि पॉपलरचे लाकूड जुळले. अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत रंगाखालची रेखाटने पाहता आली.

किडीचा पुरावा काय होता?

जुन्या लाकडाला लागणारी कीड आतून बोगदे पोखरत जाते. एकाच फळीवर रंगवलेली दृश्ये नंतर करवतीने वेगळी केली, तरी आधी पोखरलेले बोगदे लाकडात तसेच राहतात. एका तुकड्याच्या कडेला अर्धवट तुटलेला बोगदा शेजारच्या तुकड्यात पुढे सुरू झालेला दिसला, तर ते दोन्ही मूळचे एकाच फळीचे होते हे सिद्ध व्हायला मदत होते. या चित्रांमध्ये असे बोगदे जुळत असल्याचे तुर्कां यांनी सांगितले. शैलीची नक्कल करता येते, जुने लाकूडही मिळवता येते. मात्र न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील फळीतील किडीची वाट कॉम्पियेनच्या भिंतीवर पुढे चालू ठेवणे कोणत्याही नकलाकाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे हा पुरावा वजनदार ठरला.

एवढे लहान चित्र बनवायला काय लागत असे?

या पद्धतीला ‘टेम्परा’ म्हणतात. आधी पॉपलरची वाळवलेली फळी घेऊन तिला सरस लावत. त्यावर बऱ्याचदा तागाचे कापड चिकटवत, म्हणजे लाकूड फुगले-आकसले तरी रंगाला तडे जाऊ नयेत. मग जिप्सम आणि सरस यांच्या मिश्रणाचे अनेक थर देऊन पृष्ठभाग घासून गुळगुळीत करत. जिथे सोने यायचे तिथे तांबूस मातीचा लेप देत. त्यावर सोन्याचा वर्ख चढवून तो घोटत, मग प्रभावळींवर आणि कडांवर टोच्याने ठिपके पाडत. मेणबत्तीच्या हलत्या प्रकाशात हे ठिपके लुकलुकत. रंग शेवटी येई. खनिजांची पूड अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवून हा रंग तयार होत असे. तो क्षणात सुकतो, त्यामुळे ब्रशच्या बारीक रेघा शेजारी शेजारी मारूनच छटा उमटवाव्या लागत. चेहऱ्याच्या वर्णाखाली हिरवट मातीचा रंग देण्याची पद्धत होती. वरचा गुलाबी थर शतकांनंतर झिजला की तो हिरवा वर डोकावतो. म्हणूनच संग्रहालयांतील मध्ययुगीन संतांचे चेहरे अनेकदा आजाऱ्यासारखे दिसतात. चित्रकाराचा तो हेतू नव्हता.

अशी लहान चित्रे प्रामुख्याने खासगी प्रार्थनेसाठी असत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००४ मध्ये दुच्चोचे एक लहान मेरी-चित्र विकत घेतले. त्याच्या मूळ चौकटीची खालची कड मेणबत्त्यांनी जळलेली आहे. चित्रासमोर बसून कोणीतरी रोज दिवा लावत होते, याची ती खूण. ‘ख्रिस्ताची विटंबना’ही मूळची अशाच प्रार्थनेसाठी घडलेली. पुढे ती स्वयंपाकघरात पोहोचली हा नशिबाचा भाग.

मग ही कलाकृती तुकड्यांत का विखुरली?

अभ्यासकांच्या मते चिमाबुएची ही मूळ कलाकृती सुमारे १२८० मधील असून पुस्तकासारखी मिटणारी दोन फळ्यांची जोडी होती. प्रत्येक फळीवर चार, अशी ख्रिस्तचरित्रातील एकूण आठ दृश्ये तिच्यात होती. नंतर कधीतरी ती कापली गेली. अशी कापाकापी त्या काळातील अनेक चित्रांच्या वाट्याला आली. सिएनाच्या कॅथेड्रलसाठी दुच्चोने १३११ मध्ये पूर्ण केलेली महावेदी १७७१ मध्ये कापून वेगळी केली गेली. तिचे तुकडे आज लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, माद्रिद अशा शहरांत आहेत. अठराव्या शतकात ही चित्रे कालबाह्य, ओबडधोबड मानली जात. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांची आवड बदलली आणि सोनेरी पार्श्वभूमीच्या चित्रांना मागणी आली. भिंतीवर मावणारे छोटे चित्र विकायला सोपे. एका वेदीचे आठ तुकडे केले की विक्रेत्याला आठ गिऱ्हाइके मिळत. जे आधी उपेक्षेने तुटले, ते पुढे मागणीने तुटले.

लिलावानंतर सरकारने हस्तक्षेप का केला?

२७ ऑक्टोबर २०१९ रोजी पॅरिसच्या उत्तरेकडील सॉन्लिस येथे लिलाव झाला. ४० ते ६० लाख युरोंचा अंदाज असताना बोली त्याच्या चौपटीहून पुढे गेली. मध्ययुगीन चित्राला लिलावात मिळालेली ही तोवरची विक्रमी किंमत मानली गेली. चित्र परदेशातील खासगी संग्राहकांसाठी घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. फ्रान्सच्या कायद्यानुसार विशिष्ट वय आणि मूल्यापलीकडची कलावस्तू देशाबाहेर नेण्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागते. वस्तू ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे असे ठरल्यास सरकार ते नाकारू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक मंत्री फ्रांक रिएस्तेर यांनी नेमके हेच केले.

मात्र हा नकार कायमचा नसतो. त्याची मुदत ३० महिन्यांची असते. तेवढ्या काळात सरकारला किंवा सार्वजनिक संग्रहालयाला आंतरराष्ट्रीय बाजारभावाने खरेदीचा प्रस्ताव द्यावा लागतो. मालकाचा हक्क काढून घेतला जात नाही, त्याला फक्त थांबायला लावले जाते. निधी उभा राहावा म्हणून राष्ट्रीय ठेव्याच्या खरेदीला देणगी देणाऱ्या कंपन्यांना त्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळते. म्हणजे पैसा कंपनीच्या नावाने येत असला, तरी त्याचा मोठा भार अखेर सरकारी तिजोरीवरच पडतो. लूव्रने नोव्हेंबर २०२३ मध्ये हे चित्र आपल्या संग्रहात आल्याचे जाहीर केले.

इटलीचे चित्र फ्रान्सचे कसे?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. राष्ट्रीय ठेवा ठरण्यासाठी वस्तू फ्रेंच माणसाने घडवलेली असण्याची अट नाही. देशाच्या संग्रहांच्या आणि इतिहासाच्या दृष्टीने ती अतिमहत्त्वाची असणे पुरेसे असते. लूव्रकडे चिमाबुएची ‘माएस्ता’ आधीपासून होती. देवदूतांनी वेढलेली सिंहासनस्थ मेरी दाखवणारे हे चित्र सव्वाचार मीटरहून अधिक उंच आहे. त्याच्या जोडीला त्याच कलावंताचे अगदी लहान, कथनात्मक काम यावे, हा संग्रहालयाचा युक्तिवाद होता.

इतिहासाच्या दृष्टीने उत्तर इतके सोपे नाही. ‘माएस्ता’ मूळची पिसाच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधील. नेपोलियनच्या काळात इटलीतून जी कलासंपदा फ्रान्सला नेण्यात आली, तिच्यासोबत तीही पॅरिसला गेली. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर अनेक कलाकृती इटलीला परत गेल्या. मात्र चिमाबुए आणि जोत्तो यांच्या काळातील चित्रे तेव्हा फारशी मोलाची मानली जात नव्हती, वाहतुकीलाही अवघड होती. त्यामुळे ‘माएस्ता’ तिथेच राहिली. ज्या देशाने दुसऱ्याचे चिमाबुए नेले, त्याच देशाने दोनशे वर्षांनी एक चिमाबुए आपल्या सीमेबाहेर जाऊ नये म्हणून कायदा वापरला. स्वयंपाकघरातील चित्र लुटून आणलेले नव्हते, ते खासगी मालकीचे होते आणि रीतसर विकले गेले. त्यामुळे दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. तरीही ‘राष्ट्रीय’ हा शब्द कलेला लावताना नेमके काय म्हणायचे असते, हा प्रश्न त्यातून उरतोच.

संग्रहालयात आल्याने काय साधले?

दोन्ही चित्रांची साफसफाई आणि संवर्धन करण्यात आले. ‘माएस्ता’वरील जुनी पिवळी वार्निशे आणि नंतरचे रंगलेप काढल्यावर लाजवर्दी दगडापासून केलेला निळा रंग पुन्हा उजळला. लाल किनारीवर अरबी लिपीची नक्कल करणारी अक्षरेही दिसू लागली. पूर्वेकडून येणाऱ्या भारी वस्त्रांचा युरोपातील चित्रकारांवर किती प्रभाव होता, हे त्यातून कळते. ‘ख्रिस्ताची विटंबना’वरील धूर-काजळी निघाल्यावर त्यातील रंग उघडे झाले. २२ जानेवारी ते १२ मे २०२५ या काळात लूव्रमध्ये चिमाबुएवर खास प्रदर्शन भरले. लंडन आणि न्यूयॉर्कची चित्रे २००६ मध्ये एकदा न्यूयॉर्कमध्ये शेजारी मांडली गेली होती. या प्रदर्शनात तिन्ही ज्ञात तुकडे पहिल्यांदाच एकत्र आले.

प्रदर्शन संपल्यावर तिन्ही चित्रांचे घर पुन्हा तीन देशांत आहे. तिन्ही मालक सार्वजनिक किंवा कायम खुल्या संस्था असल्याने ती आता पुन्हा बाजारात जाण्याची शक्यता जवळपास नाही. पण एकाच फळीचे तुकडे एकाच भिंतीवर कायमचे राहतील, अशीही शक्यता नाही.

उरलेल्या पाच दृश्यांचे काय?

आठपैकी तीन दृश्ये सापडली, पाच अद्याप बेपत्ता आहेत. ती नष्ट झाली असतील किंवा कुठल्यातरी घरात दुसऱ्याच नावाने टांगलेली असतील. आतापर्यंतचा अनुभव पाहता दुसरी शक्यता अगदीच झटकून टाकता येत नाही. लंडनचे चित्र वाड्यातील सामानाची यादी करताना उजेडात आले, कॉम्पियेनचे घर रिकामे करताना. दोन्ही वेळी मालकांना आपल्याकडे काय आहे याची कल्पना नव्हती. दोन्ही वेळी चित्र वाचले ते यादी करायला आलेल्या व्यक्तीने थांबून नीट पाहिले म्हणून. पुढचा तुकडा सापडला, तर त्याची ओळख पटवायला लागणारी मापे, लाल किनार, ठिपक्यांची नक्षी आणि किडीच्या वाटा या सगळ्यांची नोंद आता तीन संग्रहालयांकडे आहे.